राहतं घर विकताय? कराचा हिशोब टोकन घेण्याआधी मांडा

घर विकल्यावर टॅक्स किती बसेल, हा प्रश्न बहुतेक जण सीएंना जुलैत, रिटर्न भरायच्या वेळी विचारतात. तोवर करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. कर भरायचा नंतर असला तरी तो ठरतो खूप आधी. करारनाम्यावर कोणती तारीख पडली, किंमत रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) वर आहे की खाली, टीडीएस (खरेदीदारानं कापून भरलेला कर) कोणाच्या पॅनवर गेला, पंधरा वर्षांपूर्वीची स्टँप ड्युटीची पावती कपाटात सापडते की नाही, सगळा खेळ यावर असतो. आम्ही डोंबिवलीचा फ्लॅट विकून पुण्यात घर घेतलं तेव्हा हे एकेक करून कळत गेलं. तुम्हाला ते एका जागी, आणि वेळेत मिळावं म्हणून हा लेख.

आधी दोन गोष्टी. मी सीए नाही. पहिलंच घर विकणाऱ्याला सीएंसमोर बसून नीट प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू आहे. दुसरं, खालचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षात झालेल्या विक्रीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्यानंतर विकणाऱ्यांनी क्रमांक आणि त्या वर्षीचा निर्देशांक ताजा बघून घ्यावा. मी मात्र ‘कलम ५४’ असंच म्हणणार आहे, कारण सीएंच्या ऑफिसात आणि बँकेत अजून तीच भाषा चालते.

१. घर किती काळ तुमचं आहे ते आधी मोजा

२४ महिन्यांहून जास्त काळ घर तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा, नाहीतर अल्प मुदतीचा. हा फरक साधा नाही. अल्प मुदतीचा नफा सरळ तुमच्या पगारात, पेन्शनमध्ये मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत कर लागतो. पुढे सांगितलेल्या घराच्या आणि बाँडच्या सवलती त्याला मिळतच नाहीत. तेवीस महिने झाले असतील आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल, तरी दोन महिने थांबा.

वडिलोपार्जित घर, मृत्युपत्रानं मिळालेलं किंवा बक्षीसपत्रानं आलेलं घर असेल तर आधीच्या मालकाचा काळही तुमच्यात धरला जातो. आई गेल्यावर सहा महिन्यांत घर विकलं, पण आईनं ते १९९८ मध्ये घेतलेलं होतं, तर नफा दीर्घ मुदतीचाच.

घर ताब्यात आल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत विकलं आणि जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या मुद्दलावर ८०सीची वजावट घेतली असेल, तर ती सगळी वजावट विक्रीच्या वर्षी परत उत्पन्नात धरली जाते. हे एजंट सांगत नाहीत, आणि बँकही सांगत नाही.

२. कागद जमवा, आणि जाहिरात देण्याआधी जमवा

गिऱ्हाईक पक्कं झालं की सगळे घाईत असतात. तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडायला वेळ नसतो. म्हणून आधीच एक फाइल करा. तिच्यात हवं ते असं:

– घर घेतानाचा नोंदणीकृत करारनामा, आणि फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे असा विकत आला असेल तर आधीच्या मालकांचे करारनामेही (एजंट याला ‘चेन’ म्हणतात)
– त्या वेळची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा)
– स्टँप ड्युटी आणि नोंदणी फीच्या पावत्या
– बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या. व्हॅट, सेवाकर किंवा जीएसटी भरला असेल तर त्याच्याही
– घरात मोठं बांधकाम केलं असेल तर त्याची बिलं आणि पैसे दिल्याचे बँकेचे उतारे
– शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी
– कर्ज असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र
– वारसानं आलं असेल तर मृत्युपत्र किंवा वारस दाखला, आणि आधीच्या मालकाचे खरेदीचे कागद
– सगळ्या मालकांची पॅन कार्डं, आधारशी जोडलेली

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. आजीचं पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालं असेल, तर खरेदीदाराला १ टक्क्याऐवजी २० टक्के टीडीएस कापावा लागतो. ८० लाखांच्या घरावर हा फरक ८० हजार आणि १६ लाख असा आहे. पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरून परत मिळतात, पण नवीन घराला द्यायचे पैसे मधल्या मध्ये अडकून बसतात.

जुना करारनामा हरवला असेल तर घाबरू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांकावरून शोधता येतो, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून प्रमाणित प्रत मिळते.

३. घर तुम्हाला नक्की कितीला पडलं?

नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा घर तुम्हाला पडलेली किंमत. दुसरा आकडा जितका मोठा, तितका कर कमी. इथे प्रामाणिकपणे मिळू शकणारे पैसे लोक सोडून देतात, आणि जे मिळत नाहीत त्यांच्यासाठी भांडत बसतात.

धरता येतं: करारनाम्यातली रक्कम, त्यावरची स्टँप ड्युटी, नोंदणी फी, घेताना दिलेली दलाली, बिल्डरला भरलेले कर. नंतर केलेली खरी भर, जसं की एक खोली वाढवली, टेरेसवर कायदेशीर बांधकाम केलं, तर तो खर्चही. विकताना दिलेली दलाली, वकिलाची फी, सोसायटीला तुमच्या खिशातून दिलेला ट्रान्सफर प्रीमियम (महापालिका हद्दीत याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे), सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचं घर असेल तर तुम्ही भरलेलं हस्तांतरण शुल्क, हे विक्रीचा खर्च म्हणून वजा होतं.

धरता येत नाही: दर दिवाळीचं रंगकाम, सोसायटीचा महिन्याचा मेंटेनन्स, घरपट्टी, सोफा आणि मॉड्युलर किचनची ट्रॉली. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घरभाडे उत्पन्नात आधीच घेतली असेल, तर तेच व्याज पुन्हा खरेदी किमतीत मिळवता येत नाही. हे दार २०२३ च्या वित्त कायद्यानं बंद केलं.

एक गैरसमज तर मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू आला. “विक्रीतले वीस लाख कर्ज फेडण्यात गेले, म्हणजे नफ्यातून वीस लाख वजा.” नाही. कर्ज हा तुम्ही घरासाठी पैसे कुठून आणलेत याचा प्रश्न आहे. नफ्याच्या हिशोबात त्याला जागा नाही. हातात एक रुपया उरला नसला तरी कर लागू शकतो, आणि म्हणूनच तो सौद्याआधी मोजायचा.

घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल, सदाशिव पेठेतला आजोबांचा वाडा किंवा गिरगावातली मालकीची जागा, तर मूळ खरेदी किंमत सोडून १ एप्रिल २००१ ची बाजारभावानं किंमत धरायची मुभा आहे. मात्र ती त्या दिवशीच्या स्टँप ड्युटी मूल्यापेक्षा, म्हणजे २००१ च्या रेडी रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही. हे काम नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून करून घ्या. त्याच्या अहवालाला काही हजार लागतात आणि वाचणारा कर बहुधा लाखांत असतो.

वारसानं आलेल्या घराला तुमची ‘किंमत’ शून्य नसते. आधीच्या मालकानं दिलेली किंमत तुमची धरली जाते. इंडेक्सेशनचं (महागाईप्रमाणे किंमत वाढवून धरण्याचं, पुढच्या पायरीत सांगतो) वर्षही त्यांनी घर घेतलं तेव्हापासून धरायचं, तुम्हाला मिळालं तेव्हापासून नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे.

४. दोन्ही पद्धतींनी कर काढून बघा

२३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सरसकट १२.५ टक्के कर आहे, इंडेक्सेशन नाही. पण त्या तारखेच्या आधी घेतलेल्या जमिनीला आणि इमारतीला, भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना एक मुभा ठेवली आहे: जुन्या पद्धतीनं, म्हणजे इंडेक्सेशन करून २० टक्के दरानं जो कर येतो तो कमी असेल, तर तेवढाच भरा.

इंडेक्सेशन म्हणजे खरेदी किंमत महागाईच्या प्रमाणात फुगवून घेणं. सरकार दर वर्षाचा निर्देशांक जाहीर करतं. २००१-०२ चा १००, २०१२-१३ चा २००, २०१८-१९ चा २८०, २०२५-२६ चा ३७६.

समजा २०१२-१३ मध्ये घर स्टँप ड्युटीसकट ३४ लाखांना पडलं. २०२५-२६ मध्ये ७२ लाखांना विकलं, ७२ हजार दलाली दिली.

इंडेक्सेशनशिवाय: ७२ लाख वजा ७२ हजार वजा ३४ लाख, म्हणजे नफा ३७.२८ लाख. १२.५ टक्क्यांनी कर ४,६६,०००.

इंडेक्सेशन करून: ३४ लाख गुणिले ३७६ भागिले २००, म्हणजे घर आजच्या हिशोबानं ६३.९२ लाखांना पडलं. नफा उरला ७.३६ लाख. २० टक्क्यांनी कर १,४७,२००.

दोन्हींवर वर ४ टक्के उपकर. म्हणजे ४,८४,६४० विरुद्ध १,५३,०८८. एकच घर, एकच सौदा.

आता उलटं उदाहरण. २०१८-१९ मध्ये २८ लाखांना पडलेलं घर २०२५-२६ मध्ये ६० लाखांना गेलं. इंडेक्सेशन करून किंमत ३७.६० लाख, नफा २२.४० लाख, कर ४.४८ लाख. इंडेक्सेशनशिवाय नफा ३२ लाख, कर ४ लाख. इथे नवी पद्धत स्वस्त. भाव महागाईच्या कितीतरी पुढे धावले असतील तर १२.५ टक्के बरं, भाव रेंगाळले असतील तर जुनी पद्धत बरी. पण अंदाजावर जाऊ नका, वहीवर दोन्ही मांडा.

यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला: इंडेक्सेशन केल्यावर तोटा दिसला, तर कर शून्य होतो, एवढंच. तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही की पुढच्या वर्षी नेता येत नाही.

दुसरा: “आता बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना?” नवीन करपद्धतीतली ती सूट घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरच्या कराला लागू नाही. पेन्शन पाच लाख आणि घराचा नफा सहा लाख, मिळून अकरा, म्हणून कर नाही, असं होत नाही. दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या रहिवासी गृहिणीला किंवा आजोबांना मूळ करमुक्त मर्यादेतली उरलेली रक्कम (नवीन पद्धतीत ४ लाखांपर्यंत) या नफ्यातून वापरता येते. तेवढंच.

तिसरा: नफा मोठा असेल तर वार्षिक उत्पन्न ५० लाखांच्या वर जाऊन अधिभारही लागतो. या नफ्यावर तो १५ टक्क्यांच्या वर जात नाही, पण हिशोबात धरायला हवा.

५. किंमत ठरवताना इंडेक्स टूवरचे दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवा

इंडेक्स टूच्या वरच्या भागात एकाखाली एक दोन ओळी असतात: ‘(२) मोबदला’ आणि ‘(३) बाजारभाव’. मोबदला म्हणजे तुम्ही ठरवलेली किंमत. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारनं काढलेलं मूल्य. आयकर खातं हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतं.

बाजारभाव मोबदल्याच्या ११० टक्क्यांच्या आत असेल तर काही प्रश्न नाही. त्याच्या वर गेला, तर कलम ५०सीप्रमाणे तुम्ही घर बाजारभावालाच विकलं असं धरून कर लावतात. ६० लाखांचा मोबदला आणि ६५ लाखांचा बाजारभाव चालतो. ६० आणि ७० असेल, तर तुमच्या खात्यात न आलेल्या दहा लाखांवरही कर. खरेदीदारालाही त्याच फरकावर ‘इतर उत्पन्न’ म्हणून कर लागतो, म्हणजे एका चुकीला दोन घरं भरतात. जुन्या इमारतींत, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर, किंवा सोसायटीचा वाद चालू असताना रेडी रेकनरपेक्षा कमी भाव येणं अगदी शक्य आहे. अशा वेळी मूल्यांकनकाराचा अहवाल आधीच करून ठेवा आणि रिटर्नच्या तपासणीत प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवायची मागणी करा.

नवा रेडी रेकनर साधारणपणे १ एप्रिलला येतो. करार फेब्रुवारीत आणि नोंदणी एप्रिलमध्ये असं झालं, तर करारनाम्याच्या तारखेचं मूल्य धरता येतं. पण अट अशी की त्या तारखेपर्यंत काही रक्कम चेकनं किंवा बँकेतून आलेली असली पाहिजे. म्हणून टोकन बँकेतूनच घ्या, मग ते ५१ हजार असो की लाख.

आता रोख रकमेबद्दल. “थोडं कॅशमध्ये करू या, दोघांचाही फायदा” असं कोणीतरी म्हणतंच, बहुतेक वेळा एजंट. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली, तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. शिवाय ती रोख नव्या घराच्या सवलतीसाठी दाखवता येत नाही. फर्निचरचा वेगळा करार करून किंमत फोडायची युक्तीही मला पटत नाही. वीस वर्षांच्या कपाटांचे आठ लाख कोणी विचारले तर उत्तर काय देणार?

गिऱ्हाईक फिरलं आणि तुम्ही टोकन जप्त केलं, तर ती रक्कम त्या वर्षीचं ‘इतर उत्पन्न’ होते. हेही लक्षात असू द्या.

६. टीडीएस खरेदीदार भरतो, तपासायचा तुम्ही

किंमत किंवा बाजारभाव ५० लाख किंवा जास्त असेल, तर खरेदीदार १ टक्का कापून तुमच्या पॅनवर भरतो. त्याचा फॉर्म २६क्यूबी. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. मग तो तुम्हाला १६बी हे प्रमाणपत्र देतो.

गडबड कुठे होते? दोन मालक आणि दोन खरेदीदार असले की प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म, म्हणजे चार. खरेदीदार कंटाळून एकच भरतो आणि सगळी रक्कम नवऱ्याच्या पॅनवर जाते. मग बायकोच्या रिटर्नमध्ये नफा दिसतो, टीडीएस दिसत नाही. शेवटचा हप्ता आणि ताबा यांच्या आधी आपापल्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) रक्कम आली का ते बघा. ताबा दिल्यावर खरेदीदाराला फोन लावत बसावं लागतं.

मालकी किती टक्के कोणाची, हेही इथेच ठरवा. पत्नीचं नाव करारनाम्यात फक्त सोयीसाठी घातलं होतं की तिनं खरोखर पैसे घातले होते? पैसे ज्याचे, नफा त्याचा. दोघांनी घातले असतील तर नफा वाटून जातो आणि पुढच्या पायरीतल्या सवलती दोघांना स्वतंत्र मिळतात.

७. कर वाचवायचे रस्ते

नवीन घर: कलम ५४

राहतं घर विकून आलेला दीर्घ मुदतीचा नफा भारतातल्याच दुसऱ्या घरात घातला तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. सगळी विक्री रक्कम घालायची गरज नाही, फक्त नफा. जुन्या आणि नवीन दोन्ही करपद्धतींत ही सवलत आहे.

मुदती अशा. विक्रीच्या १ वर्ष आधीपासून २ वर्षं नंतरपर्यंत तयार घर घेता येतं, किंवा ३ वर्षांत बांधता येतं. म्हणजे १० जून २०२५ ला विकलं असेल तर तयार घर १० जून २०२४ ते १० जून २०२७, बांधकाम १० जून २०२८ पर्यंत. नव्या घराची स्टँप ड्युटी आणि नोंदणी फीही किमतीत धरली जाते. सवलतीची कमाल मर्यादा १० कोटी. नफा २ कोटींपर्यंत असेल तर एका घराऐवजी दोन घरंही घेता येतात, मात्र ही मुभा आयुष्यात एकदाच. पुण्यात स्वतःला आणि नाशिकला मुलाच्या शिक्षणासाठी, असा विचार असेल तर ती केव्हा वापरायची ते नीट ठरवा.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात बुकिंग करणाऱ्यांना माझा सल्ला कडक आहे. महारेराच्या पानावर प्रकल्पाची पूर्ण व्हायची तारीख बघा, ती तुमच्या तीन वर्षांच्या आत आहे का ते बघा, आणि बिल्डरच्या तोंडी शब्दावर एक महिनाही धरू नका. उशीर बिल्डरचा असला तरी नोटीस तुम्हाला येते. अपिलात बऱ्याच जणांना न्याय मिळालेला आहे, पण अपील करत बसणं हा काही घर घेण्याचा भाग नाही.

घर स्वतःच्या नावावर घ्या. जुनं वडिलांचं आणि नवं मुलाच्या नावावर, असं आपल्याकडे सर्रास करतात. दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या घरासाठी सवलत नाकारल्याचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाचे आहेत. दुसरं नाव म्हणून मुलाला जोडा, पण पैसे आणि पहिलं नाव विकणाऱ्याचं असू द्या.

मोकळा प्लॉट विकला असेल तर कलम ५४ नाही, ५४एफ. तिथे नफा नाही, खर्च वजा जाता पूर्ण विक्री रक्कम घरात घालावी लागते.

बाँड: कलम ५४ईसी

दुसरं घर नको असेल, मुलांकडे राहायला जायचं असेल, तर हा रस्ता. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी, हुडको, इरेडा या सरकारी कंपन्यांचे ठरावीक बाँड विक्रीपासून ६ महिन्यांच्या आत घ्यायचे. मर्यादा एका व्यक्तीला ५० लाख. विक्री फेब्रुवारीत झाली म्हणून मार्चमध्ये ५० आणि एप्रिलमध्ये ५०, असं आता चालत नाही. पैसे ५ वर्षं अडकतात, त्यावर कर्जही काढता येत नाही. व्याज ५.२५ टक्के, तेही करपात्र.

५.२५ ऐकून नाकं मुरडणाऱ्यांनी वाचणारा १२.५ टक्के करही त्यात मिळवून बघावा. तरीही, वरच्या पहिल्या उदाहरणासारखा कर दीड लाखच असेल, तर तो भरून मोकळं होणं आणि पैसे हाताशी ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सत्तरीतल्या माणसाला दवाखान्यासाठी पैसे लागले तर बाँड मोडता येत नाही.

सहा महिने नेमके कोणत्या तारखेपासून? आपल्याकडे करारनामा आधी नोंदवतात आणि पूर्ण पैसे, ताबा दोन-तीन महिन्यांनी. वाद नको असेल तर नोंदणीच्या तारखेपासूनच मोजा.

मधल्या काळासाठी: कॅपिटल गेन खातं

रिटर्नची मुदत (साधारणपणे ३१ जुलै) आली आणि घर अजून मिळालं नाही, तर उरलेला नफा त्या तारखेच्या आत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, १९८८ च्या खात्यात ठेवावा लागतो. नेहमीच्या मुदत ठेवीत पैसे ‘बाजूला ठेवले’ तर सवलत मिळत नाही. पतसंस्था आणि सहकारी बँकाही या यादीत नाहीत. सरकारी बँका आणि काही खासगी बँका आहेत, ग्रामीण शाखा सोडून.

शाखेत जाल तेव्हा तयारीनं जा. मी गेलो त्या काउंटरवर साध्या बचत खात्याचाच फॉर्म पुढे आला, आणि “असं काही खातं नसतं सर” हेही ऐकून झालं. शाखाधिकाऱ्यांना भेटून योजनेचं पूर्ण नाव आणि ‘फॉर्म ए’ असं सांगितल्यावर गाडी पुढे सरकली. जुलैचा शेवटचा आठवडा यासाठी ठेवू नका.

खातं दोन प्रकारचं: ‘ए’ बचतीसारखं, ‘बी’ मुदत ठेवीसारखं. घर कधी मिळेल नक्की नसेल तर थोडे ए मध्ये आणि बाकी बी मध्ये ठेवा. पैसे काढायला फॉर्म सी, काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठीच वापरायचे, आणि पुढच्या वेळी काढताना आधीचे कुठे गेले ते फॉर्म डी मध्ये सांगायचं. व्याजावर दरवर्षी कर. तीन वर्षांत वापरलेच नाहीत, तर उरलेली रक्कम तीन वर्षं पूर्ण होतात त्या वर्षीचा नफा धरून कर लागतो. खातं बंद करायला फॉर्म जी आणि तुमच्या आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते.

८. आगाऊ कर आणि रिटर्न

कर बसणार असेल तर जुलैची वाट बघू नका. विक्रीनंतर येणाऱ्या आगाऊ कराच्या हप्त्यांत (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च) भरा, नाहीतर व्याज लागतं. १५ मार्चनंतर विकलं तर ३१ मार्चच्या आत. साठीच्या पुढचे, व्यवसायाचं उत्पन्न नसलेले रहिवासी ज्येष्ठ यातून सुटतात.

रिटर्न आयटीआर-२ मध्ये (व्यवसाय असेल तर आयटीआर-३). दरवर्षी आयटीआर-१ भरणारे पेन्शनर इथे चुकतात. खरेदीदारांची नावं, पॅन, प्रत्येकाचा टक्का, मालमत्तेचा पत्ता आणि पिनकोड मागतात, म्हणून खरेदीदाराच्या पॅनची प्रत नोंदणीच्या दिवशीच घ्या. ३० लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा प्रत्येक व्यवहार निबंधक कार्यालय आयकर खात्याला कळवतं आणि तो तुमच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या व्यवहारांच्या वार्षिक यादीत) दिसतो. पूर्ण नफा नव्या घरात गेला आणि कर शून्य झाला, तरी हा नफा आणि घेतलेली सवलत रिटर्नमध्ये दाखवायचीच. न दाखवणाऱ्यालाच विचारणा होते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

अनिवासी असाल तर इंडेक्सेशनची मुभा नाही, १२.५ टक्केच. कलम ५४ आणि ५४ईसी मात्र आहेत. मोठा घोळ टीडीएसचा: ५० लाखांची मर्यादा आणि १ टक्का तुम्हाला लागू नाही. खरेदीदाराला १२.५ टक्के आणि वर अधिभार, उपकर कापावा लागतो, आणि नफा किती हे त्याला माहीत नसल्यामुळे तो पूर्ण किमतीवर कापतो. यावर उपाय एकच, सौद्याच्या आधी फॉर्म १३ भरून कमी दराचं प्रमाणपत्र काढणं. त्याला काही आठवडे लागतात, त्यामुळे तिकीट काढून पंधरा दिवसांसाठी येऊन घर विकून जायचा बेत करू नका. खरेदीदाराला तुमचं अनिवासी असणं लेखी सांगा. लपवलं तर तो अडचणीत येतो आणि व्यवहार कोर्टात जातो. पैसे एनआरओ खात्यात घ्या. तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएंच्या १५सीबी आणि तुमच्या १५सीए फॉर्मवर. राहता त्या देशातही हा नफा दाखवावा लागतो का, ते तिथल्या करसल्लागाराला विचारा. अमेरिकेत तर लागतोच.

९. नवं घर घेतल्यावर तीन वर्षं विकू नका

कलम ५४ खाली घेतलेलं घर तीन वर्षांच्या आत विकलं, तर वाचवलेला नफा त्या घराच्या किमतीतून वजा करून नवा नफा काढतात. ४५ लाखांचं घर, ३७ लाखांची सवलत घेतलेली. दीड वर्षात ५० लाखांना विकलं तर नफा ५ लाख नाही, ४२ लाख, आणि तोही दोन वर्षांच्या आतला म्हणून तुमच्या स्लॅबनं. बदली होऊ शकते, मुलं परगावी जाऊ शकतात, अशा घरांनी याचा विचार नवं घर निवडतानाच करावा.

आणि ती फाइल टाकू नका. जुन्या घराचे कागद, रिटर्नची प्रत, कॅपिटल गेन खात्याचे फॉर्म सी आणि डी, नव्या घराचं इंडेक्स टू आणि स्टँप ड्युटीची पावती एकत्र ठेवा. हे नवं घर विकायची वेळ येईल तेव्हा दुसऱ्या पायरीतली यादी त्यातूनच भरायची आहे.